शून्य मागणी

आमच्या वर्कशॉपमधल्या ट्रकांचं सरासरी वय माझ्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त होतं. रुजू झाले त्याच आठवड्यात मी ते काढलं होतं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तुला त्यांना अहो-जाहो करावं लागणार."

सैन्याचे तीन टनी ट्रक, एकूण एकशे अठरा. त्यांची दुरुस्ती आमच्याकडे व्हायची. गणवेशातली माणसं होती, तशी माझ्यासारखी साध्या कपड्यांत कचेरीत बसणारीही होती. माझं टेबल सुट्या भागांच्या नियोजनाचं. कुठला भाग वर्षाला किती लागेल याचा अंदाज बांधायचा आणि मागणी वर पाठवायची. मी संख्याशास्त्र शिकले होते, त्यामुळे हे काम आपल्यासाठीच काढलंय असं मला वाटायचं. नोकरीची पहिली दोन वर्षं परीक्षेची; कायम करायचं की नाही ते त्यानंतर ठरणार. मुलगी चौदा महिन्यांची. फाटकापासून चार मिनिटांवर पाळणाघर होतं आणि ते साडेपाचला बंद व्हायचं. साडेपाच म्हणजे साडेपाच. पाळणाघरातल्या काकू पाच एकतीसला तिला पिशवीसकट पायरीवर घेऊन उभ्या असायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. ते न बोलणं मला दुपारपासूनच ऐकू यायला लागायचं.

हे आधीच सांगतेय ते सबब म्हणून नाही. म्हणजे, असेलही.

गाडी जुनी झाली की खर्च वाढतो, हे कुणालाही कळतं. पण तो कसा वाढतो ते टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही. आधी भाग झिजतात, बदलले जातात, तोवर ठीक चालतं. मग ते भाग बनवणारे कारखाने नव्या गाड्यांकडे वळतात. जो भाग हजारांनी बनायचा तो शंभर-दीडशेनं बनायला लागतो आणि किंमत तिप्पट होते. मग एक दिवस पत्र येतं की आम्ही हे बनवणं थांबवतोय, शेवटची काय ती ऑर्डर द्या. त्यानंतर तोच भाग हवा झाला तर साचा नव्यानं करावा लागतो, आणि मग किंमत विचारायचीसुद्धा भीती वाटते.

पहिल्या वर्षाअखेर मी एक आलेख केला होता. दर ट्रकमागे दुरुस्तीचा खर्च, अकरा वर्षांचा. आठ वर्षं रेघ चढत गेलेली, आणि शेवटची तीन वर्षं सपाट, थोडी उतरतीच. साहेबांनी, म्हणजे वर्कशॉपच्या मेजरसाहेबांनी, तो वरच्या बैठकीत दाखवला. वर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'जुन्या गाड्यांचा खर्च आटोक्यात'. परत आल्यावर साहेब माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "तुमचा आलेख आवडला हो सगळ्यांना." त्या संध्याकाळी मी मुलीला कडेवर घेऊन घरी जाताना रस्त्यात गुणगुणत होते. रेघ सपाट का झाली, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. चांगली बातमी होती, ती तपासायची कशाला?

सुट्या भागांचं स्टोअर मामांकडे होतं. त्यांना सगळेच मामा म्हणायचे, चुकून साहेबसुद्धा. अडतीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला सात महिने उरलेले. जाळीच्या खिडकीमागे उंच स्टुलावर बसायचे. पंप हातात आला की तो अंगठ्यानं फिरवायचे, कानाशी धरायचे आणि सांगायचे, "हा दोन उन्हाळे काढेल." तेवढेच काढायचा. संगणकात नोंदी करायला ते शिकले होते, पण कागदावर दोन ओळी लिहायच्या म्हटलं की अवघडायचे. रजेचा अर्जसुद्धा माझ्याकडून लिहून न्यायचे. "ताई, तुमच्या भाषेत करा जरा. माझ्या भाषेत केला तर साहेब रजेऐवजी औषध देतील." मला ताई म्हणायचे ते. त्यांच्या धाकट्या मुलीहून मी लहान होते.

फेब्रुवारीत पाण्याच्या पंपाचं पत्र आलं. इंजिन थंड ठेवायला जे पाणी फिरतं, ते फिरवणारा हा पंप. तो बिघडला की गाडी दहा-वीस किलोमीटरांत उकळते. कारखान्यानं लिहिलं होतं की आता आम्ही हा पंप बंद करतोय, शेवटची ऑर्डर शुक्रवारपर्यंत कळवा. मी संगणकात गेली तीन वर्षं पाहिली. दिलेले पंप: शून्य, शून्य, शून्य. शिल्लक साठा: शून्य. एकशे अठरा म्हातारे ट्रक, तीन वर्षं, आणि पंप एकही लागलेला नाही. याचा अर्थ काय, हे आता मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तेव्हा मला एवढंच वाटलं की या गाड्यांचे पंप फार मजबूत असणार.

गुरुवारी साडेचारला मामा टेबलापाशी आले. ते कचेरीत क्वचित यायचे. बूट तेलकट म्हणून दारातच थांबायचे. त्या दिवशी आत आले.

"ताई, पंपाचं पत्र आलंय म्हणे."

"आलंय."

"शून्यावर जाऊ नका."

"मामा, आकडाच शून्य आहे. तुमच्याच स्टोअरचा आकडा."

"आहेच ना. माझ्याकडे पंप आहे कुठं द्यायला? दिला तर चढणार संगणकात. फिटर येतो, मागतो, मी नाही म्हणतो, चिठ्ठी फाडून टाकतो. फाडलेली चिठ्ठी कशी दिसणार तुम्हाला?"

हे शब्द त्यांनी असेच्या असे म्हटले. मला आठवतात. आणि मला ते कळलेही होते, अर्धे तरी. तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा. पोरगी तापलीय, नेता का. मी उठले, पिशवी ओढली, पिशवीची चेन अडकली. ती ओढता ओढता, त्यांच्याकडे न बघता, मी म्हटलं, "मग किती लागले ते लेखी द्या ना मामा. तोंडी बोलण्यावर मी आकडा धरू शकत नाही."

"लेखी," ते म्हणाले.

"हो. उद्या सकाळपर्यंत."

"बघतो." आणि मग, मी दारात पोचले तेव्हा मागून, "ताप किती आहे?"

मी चालत राहिले. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

शुक्रवारी ताप होताच. नवऱ्यानं अर्धा दिवस रजा घेतली, मी दोन तासांसाठी वर्कशॉपला आले. मामांचा कागद आलेला नव्हता. येणार नाही हे मला आदल्या दिवशीच माहीत होतं. अडतीस वर्षांत ज्या माणसानं स्वतःहून कागद लिहिला नाही तो एका रात्रीत लिहिणार नव्हता. ऑर्डरच्या फॉर्मात एक रकाना होता, 'स्टोअरचे मत'. तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नसे. स्टोअर आवाराच्या दुसऱ्या टोकाला, चालत सहा मिनिटं. जायला सहा, यायला सहा, मामांशी बोलायला दहा. मी घड्याळ पाहिलं आणि रकान्यात लिहिलं, 'स्टोअरशी चर्चा केली.' त्याखाली लिहिलं, 'गेल्या तीन वर्षांत मागणी नाही. गरज नाही.' आणि घरी गेले.

खोटं नव्हतं ते. चर्चा झाली होती. हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा स्वतःशी म्हटलं की त्याची चव जिभेला पाठ झाली.

स्टोअरच्या भिंतीमागे बारा-तेरा वर्षांपूर्वी मोडीत काढायला ठेवलेले अकरा ट्रक उभे होते. लिलाव झालाच नव्हता. टायर बसलेले, काचांवर धूळ. फिटर लोक त्यांना 'दानशूर' म्हणायचे. ही गंमत मी ऐकली होती आणि हसलेही होते, पण आपण कशाला हसतोय याचा विचार केला नव्हता. मोडीच्या गाडीतून भाग काढायचा तर तीन सह्या लागायच्या आणि तीन सह्यांना तीन आठवडे. ट्रक तर उद्या सकाळी हवा असायचा. मग आमचे मुख्य फिटर, ज्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, ते खिडकीशी यायचे, पंप मागायचे, मामा नाही म्हणायचे, चिठ्ठी फाडली जायची, आणि उस्ताद पाना घेऊन भिंतीमागे जायचे. तीन वर्षं हेच चाललं होतं. पंपांचं, इतर अनेक भागांचं. माझ्या आलेखातली रेघ सपाट झाली ती याच अकरा गाड्यांवर टेकून.

मे महिन्यात सरावासाठी साठ ट्रक मागितले गेले. सदतीस गेले, आणि त्यातले चार दोरीनं ओढत परत आणले. दानशूरांचे पंप संपले होते. साहेबांनी कारखान्याला फोन केला. साचा नव्यानं करावा लागेल, नऊ महिने, आणि किंमत आधीच्या अकरा पट.

"अकरा पट," साहेब फोनवर म्हणाले. मग थोड्या वेळानं पुन्हा, हळू आवाजात, "अकरा पट." दार उघडं होतं. मी माझ्या टेबलावर बसून एक पेन्सिल टोक मोडेपर्यंत तासत होते.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. आधी मला बोलावलं. सभ्य माणूस, समोर पाण्याचा पेला ठेवून बोलत होते.

"तुम्ही लिहिलंय, स्टोअरशी चर्चा केली. काय चर्चा झाली?"

"पंपाबद्दल बोलणं झालं."

"स्टोअरनं सांगितलं का की पंप लागतात?"

मी म्हणाले, "लेखी काही आलं नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. एकेक शब्द खरा होता. सही करताना मी तारीख चुकवली आणि ते म्हणाले, "असू द्या, होतं असं."

बाहेर बाकावर मामा बसले होते, डबा मांडीवर घेऊन, जसं दवाखान्यात बसतात. ते आत गेले आणि दहा मिनिटांत आले. मी तिथेच थांबले होते. का थांबले होते ते स्पष्टच आहे. त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकायचं होतं.

"काय विचारलं, मामा?"

"भिंतीमागचे पंप कुणी काढले. म्हटलं माझ्या सांगण्यावरून काढले, कुणी ते आठवत नाही. एवढ्या माणसांत कोण लक्षात ठेवतो." ते डब्याची कडी उघडझाप करत होते. "आणि चर्चा झाली का, असं विचारलं. म्हटलं झाली."

"आणि?"

"आणि लेखी दिलं नाही, ते चुकलं म्हटलं."

"पण तुम्ही मला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तसं म्हटलं असतं तर म्हणाले असते, तीन वर्षं गप्प बसला आणि आता पोरीवर ढकलतोय. आणि तीन वर्षं गप्प होतोच ना मी. माझे ट्रक बंद पडत नाहीत, अशी मिजास होती. जाऊ द्या, मॅडम."

मॅडम म्हणाले. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एखादी वस्तू चुकीच्या कप्प्यात ठेवली गेली होती, ती त्यांनी उचलून योग्य कप्प्यात ठेवली, एवढंच.

मला काय वाटलं ते लिहायचं आहे म्हणून लिहिते: मला हायसं वाटलं. पाळणाघराकडे जाताना माझी पावलं हलकी होती. मुलीला उचलून घेतलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं, आणि तेव्हा कुठे तो 'मॅडम' पुन्हा ऐकू आला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी मला एक कागद दिला. चौकशीच्या निष्कर्षाचा कच्चा मसुदा. "जरा नीट टाईप करून द्या. तुमची भाषा चांगली आहे. शुक्रवारी वर जायचाय."

मी टाईप करायला घेतला. पहिलं पान गाड्यांचं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'मागणी असूनही स्टोअरप्रमुखांनी ती नोंदवली नाही, तसेच नियोजन विभागाने विचारणा केल्यावरही त्यांनी ती कळवली नाही. हा हेतुपुरस्सर लपवण्याचा प्रकार ठरतो.' आणि त्याखाली, ग्रॅच्युइटीतली निम्मी रक्कम रोखून ठेवावी अशी शिफारस.

विचारणा केल्यावरही. हा भाग माझा होता. मी विचारणा केली नव्हती. ते आले होते. न नोंदवणं त्यांचं होतं, पण लपवणं माझ्या त्या तीन शब्दांतून आलं होतं.

मी सगळं टाईप केलं. स्वल्पविरामांसकट. एका ठिकाणी वाक्यरचना अडखळत होती, ती सुधारली. हे सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. बाकीचं घाईत झालं होतं, भीतीत झालं होतं. वाक्य मी शांतपणे, मन लावून सुधारलं.

संध्याकाळी नवरा मुलीला भरवत होता. ती चमचा धरून ठेवत होती आणि तो दुसरा चमचा पुढे करत होता. मी त्याला सगळं सांगितलं, फेब्रुवारीपासून. तो भरवता भरवता ऐकत होता.

"तू खोटं लिहिलं नव्हतंस," तो शेवटी म्हणाला.

"नव्हतं."

"मग मला का सांगतेयस?"

मी मुलीच्या हनुवटीवरचा भात पुसला.

"तुझं कायम होणं ऑगस्टमध्ये आहे. माझं कंत्राट सप्टेंबरला संपतंय."

"माहितीये."

"मी नको म्हणत नाहीये हं. आधी मोजू या, की दोघांचंही गेलं तर आपण किती महिने काढू. तुझ्याच पद्धतीनं. कागद आण."

मी कागद आणला. आम्ही मोजलं. पाच महिने निघाले, पाळणाघर बंद केलं तर सहा. "पाळणाघर बंदच होईल की तसंही," तो म्हणाला आणि हसला, आणि मी हसायचा प्रयत्न केला. मुलीनं दोन्ही चमचे खाली टाकले.

मंगळवारी सकाळी मी साहेबांच्या खोलीत गेले. टाईप केलेला मसुदा दिला आणि त्याच्यावर माझा स्वतंत्र कागद ठेवला. चार ओळी होत्या. स्टोअरप्रमुख स्वतःहून माझ्याकडे आले होते. पंप लागतात हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी लेखी मागितलं आणि वाट न पाहता फॉर्म भरला. चर्चा केली असं लिहून मी त्यांची हरकत वगळली.

साहेबांनी दोनदा वाचलं. "हे चौकशीत का नाही सांगितलंत?"

"घाबरले होते."

"आणि आता घाबरत नाही?"

"आताही घाबरतेय."

ते खुर्चीत मागे टेकले. "मामांचा दोष यानं जात नाही. पंप काढले ते काढले, नोंदी नाहीत त्या नाहीत."

"पण 'विचारणा केल्यावरही' हे तर जाईल ना, सर? आणि लपवल्याचं?"

"ते जाईल." त्यांनी पेन उचललं, मग खाली ठेवलं. "त्या आलेखावर मी वरती भाषण ठोकून आलोय, माहितीये तुम्हाला?"

"हो, सर."

"मीही विचारलं नव्हतं." हे ते माझ्याशी बोलले की खिडकीशी, कळलं नाही. "जा तुम्ही."

महिनाभरात सगळं ठरलं. मामांची ग्रॅच्युइटी वाचली. त्यांच्या नोंदीत लेखी ताकीद चढली, अडतीस वर्षांतली पहिली. माझी परीक्षेची मुदत एका वर्षानं वाढली. फिटर लोकांकडून सह्या घेतल्या गेल्या की परवानगीशिवाय मोडीच्या गाडीला कुणी हात लावणार नाही. आणि साहेबांनी एक नवा हुकूम काढला: स्टोअरच्या खिडकीशी एक वही ठेवायची, जो भाग मागितला गेला आणि मिळाला नाही तो तिथल्या तिथे लिहायचा. मामा निवृत्त होईपर्यंत ती रोज दुपारी दोन तास नियोजन विभागानं लिहायची. म्हणजे मी.

पहिल्या दिवशी वही छातीशी धरून स्टोअरमध्ये गेले. मामा तेलकट कागदात बेअरिंगं गुंडाळत होते.

"मी लिहून दिलं, मामा. साहेबांना."

"कळलं."

मला वाटतं मी वाट पाहत होते. कशाची ते सांगता येणार नाही. पाठीवर हात फिरवतात तशा एखाद्या वाक्याची असेल.

"कधी दिलंत?" त्यांनी विचारलं.

"गेल्या महिन्यात. मंगळवारी."

"मी आलो तो फेब्रुवारीतला गुरुवार होता," ते म्हणाले, आणि बोटांवर काही मोजलं नाही, फक्त म्हटलं. मग दुसरं स्टूल पुढे सरकवलं. "बसा. एक पाय आखूड आहे त्याचा, जपून."

तीन दिवस खिडकीशी कुणी आलं नाही. आवारात माणसं दिसायची. चाळीस पावलांवर येऊन, जाळीमागे मला बघून, काहीतरी आठवल्यासारखं करून वळायची. माझ्या कागदामुळे त्यांच्या सह्या घेतल्या गेल्या, असं त्यांचं मत होतं आणि ते चूक नव्हतं. मी वहीच्या पहिल्या पानावर रकाने आखले: तारीख, गाडी, भाग, मागणारा. शेवटचा रकाना बघून मामा म्हणाले, "नाव कशाला?"

"हुकमात आहे."

ते पुन्हा बेअरिंगांकडे वळले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कागदांची चळत कपाटात ठेवताना म्हणाले, "तुम्ही इथं बसलात तोवर यायचे नाहीत ते, मॅडम."

"मग वहीत काय दिसेल?"

"शून्य," मामा म्हणाले.

मी पान उलटून पाहिलं, जणू मागच्या बाजूला काही असेल. तिन्ही दिवसांच्या तारखा लिहिलेल्या, पुढे कोरं. महिन्याअखेर हे पान साहेबांकडे जाणार होतं, तिथून वर. कुणीतरी कुठेतरी त्याचा आलेख करणार होतं.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आवार ओलांडून दुरुस्तीच्या शेडमध्ये गेले. तिथे मी दोन वर्षांत तीनदा गेले असेन. उस्ताद एका ट्रकच्या पुढच्या चाकावर बसून हात पुसत होते, बाजूला चौघं. मला बघून बोलणं थांबलं.

"उस्ताद, खिडकीशी या," मी म्हटलं. पाठ करून आणलेलं बाकीचं सगळं विसरले.

"कशाला? आहे का काही?"

"नाही."

"मग नाही ऐकायला एवढं चालायचं? इथंच ऐकलं की." चौघांतला एक हसला. उस्ताद हसले नाहीत. "आधी यायचो, तेव्हा मामा नाही म्हणायचे आणि आमचं काम व्हायचं. आता तुम्ही नाही म्हणणार, आमचं नाव लिहिणार, आणि कामही होणार नाही. बरी सोय केलीत, मॅडम."

"हो," मी म्हटलं. "माझ्यामुळे झालं ते. पंपही माझ्यामुळेच गेले."

"ते माहितीये आम्हाला."

"पण वही कोरी गेली तर पुन्हा कुणीतरी लिहील की गरज नाही. यावेळी मी लिहिणार नाही, पण कुणीतरी लिहील."

उस्ताद पुन्हा हात पुसायला लागले. मी परत आले. माझे कान इतके तापले होते की जाळीला डोकं टेकल्यावर तार गार लागली. मामांनी विचारलं नाही की कुठे गेला होतात.

पावणेचारला उस्ताद आले. एकटेच. खिडकीशी उभे राहून माझ्या खांद्यावरून मामांना म्हणाले, "मामा, पंप आहे का?"

मामा बेअरिंग गुंडाळत राहिले. मान वर केली नाही.

उस्तादांनी जाळीवर बोट वाजवलं. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, पंप आहे का?"

पंप नाही हे त्या आवारातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं.

"लिहा मग."

मी तारीख लिहिली, भाग लिहिला. "गाडी?"

त्यांनी नंबर सांगितला.

"नाव घालू का?"

"घाला. सही तर घेतलीयच तुम्ही." मग म्हणाले, "काल पण आलो होतो. परवा पण. तुम्ही दिसलात म्हणून मागं फिरलो. ते कुठं लिहिणार?"

वहीत त्यासाठी जागा नव्हती. कालच्या तारखेपुढे कोरं होतं, परवाच्याही.

"परवा कुठल्या गाडीसाठी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. थट्टा करतेय का ते बघत असावेत. मग परवाच्या गाडीचा नंबर सांगितला, सावकाश, एकेक आकडा तोडून, जसा लहान मुलाला सांगतात. मी लिहिलं. ते जाळीतून वाकून, उलट्या बाजूनं वाचत होते.

"शेवटचा सात नाही," ते म्हणाले. "एक आहे."

मी खोडून एक केला, आणि कालच्या गाडीचा नंबर विचारला.